सोबतीचा कुत्रा, प्रवास आणि डॉक्टरांचं पत्र

अलीकडे ठाणे, डोंबिवली, कल्याणकडचे काही रुग्ण एक नवीन पत्र मागतात. ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’चं. कुत्रा जवळ असला की धाकधूक कमी होते, म्हणून रेल्वेत किंवा विमानात त्याला सोबत बसू द्यावं, असं मी लिहून द्यायचं. त्यांचा त्रास खरा असतो. पण अशा पत्राला आपल्याकडे किती वजन आहे, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

सुरुवात युद्धातून

पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गला मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा काढली. या कामावर डोरोथी युस्टिस यांनी १९२७ मध्ये लिहिलेला लेख मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाला वडिलांनी वाचून दाखवला. पुढच्याच वर्षी तो स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाची प्रशिक्षित कुत्री घेऊन परतला. १९२९ मध्ये अमेरिकेत अशी शाळा सुरू झाली. हॉटेलात, गाडीत कुत्र्याला प्रवेश मिळावा म्हणून फ्रँक अनेक वर्षं झगडला. १९९० च्या अमेरिकन कायद्याने तो देशभराचा हक्क झाला. अट एकच, कुत्र्याला मालकाच्या अपंगत्वाशी संबंधित ठरावीक काम शिकवलेलं हवं.

पत्राचा काळ

भावनिक आधाराच्या प्राण्याला असं प्रशिक्षण लागत नाही, त्याची सोबत हाच आधार. अमेरिकेत डॉक्टरांच्या पत्रावर त्याला विमानात जागा मिळू लागली. मग पैसे भरून ऑनलाइन पत्रं मिळू लागली. २०१८ मध्ये तर एक बाई मोर घेऊन विमानतळावर आल्या! प्राण्यांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी वाढल्या, आणि खरोखर कुत्र्यावर अवलंबून असलेल्या अंध प्रवाशांकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. अखेर ११ जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांवरचं ते बंधन गेलं. आपण ज्या पत्राची नक्कल करू पाहतो, ते तिथल्या विमानप्रवासातच आता चालेलच असं नाही.

आपल्याकडे काय?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा प्रवास सुगम असावा असं सांगतो, पण मदतनीस प्राण्याचं नाव घेत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तशी तरतूद नाही. म्हणून माझ्या पत्राने रेल्वेचा नियम बदलत नाही.

• रेल्वे: कल्याणहून लांब पल्ल्याच्या गाडीने जाताना कुत्रा फर्स्ट एसीत नेता येतो, पण कूपे किंवा केबिन पूर्ण तुमच्या नावावर हवी. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. स्लीपर, थ्री टियर, टू टियरमध्ये परवानगी नाही.

• विमान: अंध व्यक्तीच्या प्रशिक्षित कुत्र्याबद्दल कंपनीला आधी कळवून लेखी होकार घ्या. पाळीव प्राण्यांचे नियम वेगळे. अकासा एअर नोव्हेंबर २०२२ पासून लहान कुत्रा-मांजर शुल्क घेऊन केबिनमध्ये नेऊ लागली. त्यासाठी मनोविकाराचं पत्र लागत नाही.

• कागदपत्रं: प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र सांगितलं आहे. रेबीजची लस आणि लसीकरण कार्ड हवंच.

• सोसायटी: पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. तिथेही माझ्या पत्राची गरज नाही.

यात खरी उणीव आहे ती अंध प्रवाशांची. ज्यांना कुत्र्याची मदत रस्ता ओलांडायला लागते, त्यांचा हक्क आपल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत नाही, तो कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहतो. प्रत्येक ढिलं पत्र त्यांची वाट आणखी अवघड करतं.

कुत्र्याच्या सहवासाने मन शांत होतं, हे मी मानतोच. पण त्याच्याशिवाय घराबाहेर पडणंच अशक्य होत असेल, तर ती चिंता तपासून घ्या, तिच्यावर उपचार आहेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.