दिनविशेष : २२ जुलै
श्रीराम अभ्यंकर यांचा जन्म (१९३०)

बीजभूमितीतील थोर गणिती श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा आज जन्मदिन. इंदूरजवळच्या उज्जैनचा त्यांचा जन्म; वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईत पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

एक स्वतःतच पुन्हा पुन्हा मिळवत गेल्यास बेरीज शून्य होते, अशा अंकविश्वांतील वक्रांविषयी त्यांनी १९५७ मध्ये एक अटकळ मांडली. मिशेल रेनो आणि डेव्हिड हारबेटर या गणितींनी दिलेल्या तिच्या सिद्धता १९९४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शोधनिबंधाचे मोल दोन-चार वर्षांतील संदर्भसंख्येवरून ठरवू नये, हे मधली ३७ वर्षे सांगतात. अशाच अंकविश्वांतील वक्रांवर नील कोब्लिट्झ व व्हिक्टर मिलर यांनी १९८५ मध्ये गुप्तलेखनाची नवी पद्धत सुचवली. आज मोबाइलवरील संदेशांच्या सुरक्षेसाठी ती वापरली जाते.

अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.