गोरेपणाच्या क्रीममधला पारा: टेस्ट रक्ताची की लघवीची?

अकोल्यातली एक तरुणी, तिची आई आणि बहीण एकच गोरं करणारं क्रीम लावत होत्या. काही महिन्यांत तिघींनाही किडनीचा आजार झाला. परळच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कारण निघालं क्रीममधला पारा. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 दरम्यान किडनीच्या अशा आजाराचे 22 रुग्ण पाहिले. त्यातल्या 15 जणांत एकच विशिष्ट प्रकार सापडला, आणि त्या 15 पैकी 13 जण असली क्रीम वापरत होते.

मी आरे कॉलनीत राहतो. इथल्या पोरापोरींच्या ग्रुपवरही अशा क्रीमचे रील फिरतात, आणि मग कोणीतरी विचारतंच: ॲपवर हेवी मेटल टेस्ट दिसतेय, कुठली बुक करू?

क्रीमचा संशय असेल तर पाऱ्याची लघवीची टेस्ट. क्रीममधला पारा असेंद्रिय असतो. तो त्वचेतून आत शिरतो, किडनीत साठतो आणि बराचसा लघवीतून बाहेर पडतो. माशांमधला पारा वेगळ्या रूपात असतो, मिथाइल पारा. तो रक्तात दिसतो, पण बाहेर जातो मुख्यतः शौचावाटे. आरेतून मरोळला उतरलं की मासळी बाजार. आठवड्यातून तीनदा सुरमई खाणाऱ्याच्या रक्तात पारा जास्त आला, तर तो सुरमईचा की क्रीमचा हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. लघवीत हा घोळ फार कमी होतो. (आर्सेनिकचं मात्र उलटं: ती टेस्ट लघवीचीच, पण आधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी बंद. शिशासाठी रक्तच.)

नमुना लॅबने दिलेल्या डबीतच द्या, घरची बाटली धुऊन चालत नाही. लॅबमध्ये बहुधा आयसीपी-एमएस यंत्र असतं. त्यात नमुन्याचा फवारा हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूत सोडतात, अणूंचे आयन होतात आणि वजनानुसार मोजले जातात.

रिपोर्टमध्ये 'प्रति ग्रॅम क्रिएटिनिन' असलेला आकडा बघा. भरपूर पाणी प्यायलात तर लघवी पातळ होते आणि नुसता प्रति लिटर आकडा फसवा कमी दिसतो. आम्ही सर्व्हरच्या एरर मोजताना एकूण रिक्वेस्टने भागतो, तसंच हे. जर्मनीतल्या तज्ज्ञ आयोगाने 5 मायक्रोग्रॅमपर्यंत काळजी नाही आणि 20 च्या वर उपाय हवेत, अशा रेषा आखल्या आहेत. मधला आकडा आला तर संपर्क शोधायचा आणि टेस्ट परत करायची.

'डिटॉक्स'वाल्यांची एक चलाखी ओळखून ठेवा. आधी धातू ओढून काढणारं औषध देतात, मग लघवी तपासतात. असं केल्यावर कुणाचाही आकडा फुगतो, आणि तो साध्या लघवीच्या मर्यादेशी ताडून तुम्हाला आजारी ठरवतात. अमेरिकेतल्या विषवैद्यक डॉक्टरांच्या संघटनेने ही पद्धत अशास्त्रीय म्हटली आहे.

पाऱ्यासोबत साधी युरिन रुटीनही करा. प्रथिनं जात असतील, पायांना सूज किंवा लघवीला फेस असेल तर थेट किडनीच्या डॉक्टरांकडे. क्रीम त्याच दिवशी थांबवा, पण डबी फेकू नका. पिशवीत बंद करून डॉक्टरांना दाखवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करतानाही ती लागेल. आपल्याकडे कॉस्मेटिक्समध्ये नकळत आलेला पारा 1 पीपीएमपर्यंतच चालतो, डोळ्यांच्या मेकअपचा नियम तेवढा वेगळा. लेबलवर 'कॅलोमेल', 'मर्क्युरिक' किंवा 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' दिसलं तर टेस्टची वाटही बघू नका. आणि टॉवेल, उशी एकच वापरणाऱ्या घरच्यांचीही, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या.