दांताच्या मुळाशीं

हालता दांत उपटून टाकावा, ही समजूत फार जुनी आहे. दांत हालतो तेव्हां दोष दांताचाच, असें कोणासहि वाटतें. परंतु पायोरियानें पडणारा दांत स्वतः पुष्कळदां निरोगी असतो. ढासळलेला असतो तो त्याचा आधार. पाया खचला म्हणजे चांगली भिंतहि उभी रहात नाहीं, तसाच हा प्रकार आहे. हा आधार कशाचा बनलेला आहे, तो कां खचतो आणि खचलेला पुन्हां उभारतां येतो कीं काय, या तीन प्रश्नांच्या शोधांत वैद्यकाचीं शेंकडों वर्षें खर्ची पडलीं.

रोगाचीं लक्षणें प्राचीनांना अपरिचित नव्हतीं. सुश्रुतसंहितेंत दांतांचे रोग निराळे आणि दंतमुळांचे रोग निराळे मानलेले असून दंतमुळांचे रोग १५ सांगितले आहेत. त्यांतील दंतवेष्ट या व्याधींत पू व रक्त वहातें आणि दांत हालूं लागतात, असें वर्णन आहे. आज ज्यास पायोरिया म्हणतात त्याचेंच तें चित्र होय.

रोगाचें कारण प्रथम दृष्टीस पडलें तें एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील लीवेनहोक यानें स्वतः घांसलेल्या भिंगाखालीं आपल्याच दांतांमधला पांढरा मळ पाहिला, आणि त्यांत वळवळणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांचें वर्णन १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून कळविलें. मात्र हा मळ आणि हिरड्यांचा रोग यांचा संबंध दीर्घकाळ कोणाच्या ध्यानांत आला नाहीं.

तो संबंध आग्रहानें मांडणाऱ्यांत अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवचा दंतवैद्य जॉन रिग्ज हा प्रमुख होता. नायट्रस ऑक्साइड वायूच्या गुंगींत होरेस वेल्स याची दाढ १८४४ च्या डिसेंबरांत ज्यानें काढली, तोच हा रिग्ज. पुढें त्याची कीर्ति झाली ती मात्र दांत काढण्याबद्दल नव्हे, राखण्याबद्दल. हिरडी कापूं नका, दांत उपटूं नका, मुळावरचें कीटण खरवडून काढा म्हणजे हिरडी आपोआप बरी होईल, असें त्याचें सांगणें होतें. या रोगास पुष्कळ काळ ‘रिग्जचा रोग’ असेंच नांव पडलें होतें.

त्याच सुमारास जी. व्ही. ब्लॅक यानें १८८७ सालीं दांताच्या आधाराची सूक्ष्म रचना वर्णन केली. दांत जबड्यांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्यें मिलिमीटरच्या सुमारें पांचव्या हिश्श्याएवढा तंतूंचा पातळ थर असतो. त्यास दंतबंध म्हणावें. चावण्याचा भार हा बंध झोळीप्रमाणें तोलून धरतो. हिरडीची सूज खोल उतरली म्हणजे हे तंतु तुटतात, हाड झिजतें आणि दांत डळमळूं लागतो.

एवढें ज्ञान होऊनहि दांतांवरील संकट टळलें नाहीं. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनीं १९१० सालीं माँट्रिअल येथें दिलेल्या व्याख्यानानंतर, शरीरांतील अनेक दुखण्यांचें मूळ दांतांतील पुवांत आहे, ही कल्पना बळावली. तिच्या भरांत इंग्लंड-अमेरिकेंत असंख्य लोकांचे दांत, राखतां येण्याजोगे होते तेहि, काढले गेले.

या विषयास भक्कम पुरावा मिळाला तो १९६५ सालीं. डेन्मार्कमध्यें हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींस दांत घांसणें थांबविण्यास सांगितलें. १० ते २१ दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. घांसणें पुन्हां सुरू होतांच सूज ओसरली. मळ हेंच कारण, हें निर्विवाद ठरलें.

राहिला तिसरा प्रश्न. हिरडीची सूज ओसरते, पण गेलेलें हाड व तुटलेला बंध आपोआप परत येत नाहीं. तो कां येत नाहीं? टोरांटोचे मेल्चर यांनीं १९७६ सालीं याचें मार्मिक उत्तर सुचविलें. जखम भरतांना मुळावर जी पेशी आधीं पोंचेल, तिच्या जातीप्रमाणें जखम भरते. हिरडीच्या कातडीच्या पेशी चपळ असतात, त्या पुढें धांवतात आणि दंतबंधाच्या पेशींस जागाच उरत नाहीं. स्वीडनमध्यें नायमन, लिंढे व कॅरिंग यांनीं १९८२ सालीं एका रुग्णाच्या एका दांताशीं पातळ पडदा बसवून हिरडीची वाट अडविली. तीन महिन्यांनीं पाहतां मुळावर नवा बंध आलेला आढळला.

म्हणजे बीज दंतबंधांतच होतें. तें प्रत्यक्ष हातीं आलें २००४ सालीं. अमेरिकेंतील बेथेस्डा येथील संशोधकांनीं काढून टाकलेल्या २५ अक्कलदाढांच्या मुळांवरचा बंध खरवडून त्यांतून मूलपेशी वेगळ्या केल्या. मूलपेशी म्हणजे जी स्वतःसारख्या पेशी निर्माण करते आणि प्रसंगीं निराळ्या कामाच्या पेशींचें रूप घेते, ती. उंदरांच्या शरीरांत त्यांपासून मुळावरील कठीण थर व बंध यांसारखी रचना तयार झाली. कचऱ्यांत जाणाऱ्या दाढेंत दुरुस्तीचें सामान सांठलेलें होतें!

येथें उतावळेपणास मात्र स्थान नाहीं. चीनमधील शिआन येथें रुग्णांच्या स्वतःच्या अशा पेशी वापरून केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. उपाय निर्धोक ठरला, परंतु पेशी दिलेले व न दिलेले यांच्या हाडांच्या भरण्यांत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाहीं. शिवाय सुजलेल्या जागेंतील मूलपेशींची हाड घडविण्याची शक्ति मंदावलेली असते, असेंहि आढळलें आहे. ज्या रोगावर त्यांनीं उपाय करावयाचा, तोच रोग त्यांना दुबळें करतो.

म्हणून या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. निसर्गानें आधाराशेजारींच त्याच्या दुरुस्तीचा कारागीर ठेवला आहे, आणि त्यास कामाला लावण्याची विद्या अद्याप पुरती साधलेली नाहीं. तोंवर त्या कारागिराचें घर स्वच्छ ठेवणें एवढें प्रत्येकाच्या हातीं आहे. रिग्जच्या काळीं तेंच खरें होतें, आणि मूलपेशींच्या काळींहि तेंच खरें आहे.