दळणयंत्रे, घरगुती

धान्य, कडधान्य किंवा मोड आणून वाळविलेले धान्य (माल्ट) यांची कुटुंबाच्या गरजेपुरती भरड, रवा वा पीठ करण्याची साधने. दगडी जाते, लोखंडी हातचक्की आणि विजेवर चालणारी घरघंटी ही महाराष्ट्रातील त्यांची प्रमुख रूपे होत. यांपैकी स्वस्त कोणते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. तथापि दळणाचा खर्च केवळ यंत्राच्या किंमतीत मोजता येत नाही. तो श्रम, वेळ, जागा, इंधन वा वीज आणि मिळणाऱ्या दळणाची प्रत यांत विभागलेला असतो. घरगुती दळणयंत्रांचा इतिहास हा मुख्यतः हा खर्च एकाकडून दुसऱ्याकडे कसा सरकत गेला याचा इतिहास आहे.

प्राचीन इतिहास : दळणाचे सर्वांत जुने साधन म्हणजे पाट्यासारखा सपाट वा किंचित खोलगट दगड व त्यावर मागेपुढे सरकविण्याचा हातातील दगड. नवाश्मयुगापासून जगाच्या अनेक भागांत ही जोडी आढळते. ईजिप्तमध्ये मेकेत्रे याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २०००) सापडलेल्या लाकडी प्रतिकृतींत भाकरी भाजण्याचे व बिअर करण्याचे काम एकाच वास्तूत चाललेले दाखविले आहे, दोहोंची सुरुवात धान्य दळण्यापासूनच होते. महाराष्ट्रात इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत जव (सातू) हे महत्त्वाचे धान्य होते आणि तेथे दळणाचे दगडही मिळाले आहेत. त्या जवापासून मद्य करीत असत, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. एका दगडावर दुसरा दगड गोल फिरविण्याची युक्ती पुष्कळ नंतरची होय. नेवासे (जि. अहिल्यानगर) येथील १९५४–५६ मधील उत्खननात सातवाहनकालीन थरांतून अशी फिरती जाती मिळाली. पाट्यावर दर फेरीला हात मागे आणावा लागतो व तेवढे श्रम वाया जातात; जात्यात गती अखंड राहते. दळणाच्या श्रमात झालेली ही पहिली मोठी बचत होय.

जाते : दख्खनमध्ये जाते सामान्यतः काळ्या बेसाल्ट दगडाचे करतात. त्याला एकावर एक बसणाऱ्या दोन तळ्या असतात. खालची तळी स्थिर असून तिच्या मध्यभागी खुंटी बसविलेली असते. वरच्या तळीच्या मधल्या तोंडातून मूठमूठ धान्य घालतात आणि कडेला ठोकलेल्या खुंट्याला धरून ती फिरवितात. दोन तळ्यांमधील अंतर किंचित वाढविले की भरड पडते व कमी केले की बारीक पीठ पडते. एकाच साधनातून डाळ, कण्या, रवा व पीठ मिळविण्याची ही सोय हे जात्याचे मोठे बलस्थान होते. कोकणात भात भरडून तांदूळ काढण्यासाठी घिरट हे याच तत्त्वावरील मोठे साधन वापरीत.

वापराने तळ्या गुळगुळीत झाल्या की जाते दळेनासे होते. मग छिन्नीने त्यांवर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. यास जाते टाकणे वा टाकी लावणे म्हणतात. हे काम गावोगाव हिंडून करणाऱ्या जमाती होत्या. टकारी व गिरणेवडार ही नावेच या व्यवसायाची खूण सांगतात. अशा काही भटक्या जमातींवर ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमाती कायद्याचा (पहिला कायदा १८७१) शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण त्याच सुमारास घरोघरची जाती थांबू लागली होती, म्हणजे शिक्का पुसला जात असताना हातचा धंदाही सुटत गेला. लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) या आत्मकथनामुळे या समाजाचे जीवन मराठी वाचकांसमोर आले.

दळणाचे श्रम : जाते एकदा घेतले की पिढ्यान्‌पिढ्या टिके. त्याला इंधन लागत नसे व दळणावळ द्यावी लागत नसे. त्यामुळे ते फुकटात चालणारे साधन समजले जाई. वस्तुतः त्याची किंमत घरातील स्त्री रोज पहाटे उठून आपल्या श्रमाने चुकवीत असे. ज्वारी, बाजरी व नाचणी यांचे पीठ फार दिवस टिकत नाही, म्हणून हे काम साठवून एकदाच उरकता येत नसे. घरच्या हिशेबात या श्रमांची नोंद कोठेही नव्हती. ती झाली ओव्यांमध्ये. माहेर, सासर, भाऊ, लेकरे, विठ्ठल आणि स्वतःचे दुःख हे जात्यावरील ओव्यांचे विषय होत. संत जनाबाईला विठ्ठल दळू लागला, ही वारकरी परंपरेतील कथा लोकप्रिय होण्यामागेही या श्रमांची सार्वत्रिक जाणीव आहे. साने गुरुजींनी स्त्रीजीवन या ग्रंथात अशा ओव्यांचा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या.

गिरणी व घरघंटी : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेलावरील एंजिने आणि त्यानंतर विजेच्या मोटारी यांमुळे पिठाची गिरणी शहरांतून खेड्यांत पोहोचली. जात्यापुढे घालविलेले तास आता रांगेत उभे राहण्याच्या काही मिनिटांवर आले आणि श्रमांची जागा रोख दळणावळीने घेतली. गिरणीने काही नव्या अडचणीही आणल्या. दोन गिऱ्हाइकांची पिठे थोडीफार मिसळतात. गव्हानंतर लगेच दळलेले तांदळाचे पीठ अथवा उपवासाची भाजणी घेण्यास लोक नाखूश असतात. वेगाने फिरणाऱ्या दगडांतून पीठ तापून बाहेर पडते, ते निववून मगच डब्यात भरावे लागते. खेड्यांत वीज खंडित झाली की दळण अडून राहते.

घरघंटी हे नाव गुजरातीतून आले असून घंटी म्हणजे जाते. हिच्यात बहुधा एक अश्वशक्तीची (सु. ७४६ वॉट) मोटार असते. पुष्कळशा घरघंट्यांत दगड नसतात. वेगाने फिरणारी पोलादी पाती धान्यावर आपटून त्याचा चुरा करतात आणि तो बदलता येणाऱ्या जाळीतून खाली पडतो. जाळीच्या छिद्रांच्या आकारावर पिठाचा बारीकपणा अवलंबून असतो. अशा रीतीने दळण पुन्हा घरात आले, पण श्रमांचा भार सोडून. काही जिल्हा परिषदांनी महिला व बालकल्याण योजनांखाली स्त्रियांना अनुदानावर पिठाच्या गिरण्या दिल्या. जे काम शतकानुशतके विनामोबदला होते तेच यामुळे काहींच्या उपजीविकेचे साधन झाले.

बेलापूरचे उदाहरण : हे संक्रमण नवी मुंबईतील बेलापूर परिसरात एकाच पिढीच्या आयुष्यात घडलेले दिसते. खाडीकाठच्या या भागात भातशेती, मिठागरे व मासेमारी ही निर्वाहाची साधने होती आणि आगरी व कोळी समाजांच्या जेवणात तांदळाच्या भाकरीला मुख्य स्थान होते. १९७० मध्ये ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या क्षेत्रात नवे शहर वसविण्याचे ठरले व त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. बेलापूर गावालगत मध्यवर्ती व्यापारी विभाग आखण्यात आला. तोच सीबीडी बेलापूर होय. भाताची खाचरे संपादित झाल्यावर घरचे भात घिरटावर भरडून जात्यावर दळण्याचा क्रमच तुटला. धान्य दुकानातून व पीठ गिरणीतून येऊ लागले.

नव्या वस्तीत जागेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरला. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी बेलापूर येथे १९८३–८६ या काळात उभारलेल्या, पुढे आर्टिस्ट व्हिलेज या नावाने प्रसिद्ध झालेल्या अल्पखर्ची गृहप्रकल्पात भूखंड सु. ४५ ते ७५ चौ. मी. इतके होते व घरे सामाईक अंगणांभोवती रचलेली होती. पडवीत कायमचे मांडलेले जाते हा जुन्या घराचा भाग असे; नगरातील लहान घरात मात्र प्रत्येक वस्तूला आपल्या जागेचे समर्थन करावे लागते. कपाटाएवढी घरघंटी घ्यावी की जवळच्या गिरणीत जावे, याचा निर्णय यंत्राच्या किंमतीइतकाच या जागेवरही अवलंबून असतो.

माल्टची भरड : दळण जितके बारीक तितके चांगले, ही समजूत भाकरीच्या पिठापुरती खरी आहे, सर्व धान्यप्रक्रियांना ती लागू पडत नाही. नाचणीचे सत्त्व करताना मोड आलेली नाचणी वाळवून व किंचित भाजून बारीक दळतात, कारण ती संपूर्ण पोटात जावयाची असते. बिअरसाठी लागणाऱ्या जवाच्या माल्टची गोष्ट नेमकी उलट आहे. हे माल्ट भरडून सु. ६५° से. तापमानाच्या पाण्यात भिजत ठेवले म्हणजे त्यातील एंझाइमांमुळे स्टार्चची शर्करा होते. तो गोड द्रव गाळून हॉप्ससह उकळतात व निवल्यावर यीस्ट घालून त्याचे किण्वन करतात. द्रव गाळण्याचे काम दाण्यावरील तूसच करते. म्हणून दाण्याचा गर फुटावा पण तूस शक्यतो अखंड राहावे, अशी भरड आवश्यक असते. पीठ झाल्यास गाळणे तुंबते आणि चुरा झालेल्या तुसांतून तुरटपणा उतरण्याचा संभव असतो. दाणे अख्खे राहिल्यास शर्करा कमी मिळते.

यासाठी कारखान्यांत, तसेच हौशी लोकांच्या चांगल्या यंत्रांतही, जवळजवळ १ मिमी. अंतरावर फिरणारे दोन रूळ वापरतात. ग्रेट ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट उठली व अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने १९७८ च्या सुधारणेद्वारे ती करमुक्त केली. त्यानंतर तेथे स्वस्त दळणयंत्रांना मागणी आली. रुळांचे यंत्र महाग पडे, म्हणून अनेकांनी मका दळण्याची, दोन खाचदार तबकड्यांची लोखंडी हातचक्की वापरली. तबकड्यांमधील अंतर वाढवून तिच्यातून कामापुरती भरड मिळते, मात्र तूस अधिक फाटते. सैल केलेल्या जात्यातूनही भरड निघते. आपटून चुरा करणारी घरघंटी, या तिन्हींपेक्षा आधुनिक असूनही, या कामास सर्वांत कमी उपयोगी आहे.

कायदेशीर बाजू : घरी मद्य करण्याच्या नियमनाचा इतिहास भारतात जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्षविषयक प्रकरणात कुटुंबांना विशेष प्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा असून उत्सव व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलत सांगितली आहे. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (पुढे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) लागू असून परवान्याशिवाय मद्य तयार करणे, ते घरच्यापुरते असले तरी, गुन्हा आहे. मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य व उपकरणे बाळगणे हाही गुन्हा ठरतो. म्हणजे सत्त्वासाठी नाचणी दळणारी चक्की निर्दोष असली, तरी तीच हेतू बदलताच दोषास पात्र होते. परवानाधारक उत्पादन मात्र होते : बेलापूरजवळच्या तळोजे औद्योगिक क्षेत्रात बिअरचा कारखाना आहे, आणि २००९ मध्ये पुण्यात जागेवरच बिअर करून विकणारी लहान मद्यशाळा निघाल्यानंतर मुंबई परिसरातही अशा मद्यशाळा सुरू झाल्या.

मूल्यमापन : घरगुती दळणयंत्र स्वस्त की महाग, हे कोणते दळण हवे यावर प्रथम ठरते. भाकरीला पीठ, आमटीला डाळ, लापशीला रवा व माल्टला भरड लागते आणि चुकीच्या यंत्रात धान्य वाया गेल्यास कमी किंमतीचे यंत्रही महाग पडते. दुसरी कसोटी, त्याचा खर्च कोण सोसतो ही होय. जाते सर्वांत स्वस्त होते, कारण त्याचे मोल देणारीला मोबदला मागण्याचा अधिकार नव्हता. गिरणी व घरघंटी यांनी ते मोल रुपयांत व विजेच्या एककांत उघड केले. आज जाते बहुतेक घरांत लग्नातील हळदीच्या विधीपुरते उरले आहे. ते मागे पडल्याने ओव्यांची पहाट संपली ही सांस्कृतिक हानी खरी. परंतु त्या ओव्या गाणाऱ्या स्त्रियांची पहाट त्याच वेळी मोकळी झाली, हेही तितकेच खरे आहे.