वाड्याचा दरवाजा म्हणजे फक्त दार नव्हे! देवडी, दिंडी आणि नगारखाना काय असतं?

दरवर्षी १२ जानेवारीला बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला मोठी गर्दी होते. १५९८ साली याच दिवशी लखुजी जाधवराव आणि म्हाळसाबाई यांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला. राजवाड्याच्या महाद्वारासमोर फोटो निघतात आणि लोक आत जातात. पण वाड्याचा दरवाजा ही स्वतःच एक इमारत असते.

देवडी म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये मोठ्या जहागिरीच्या फाटकापाशी 'लॉज' नावाचं छोटं घर असायचं. फाटक उघडणारा तिथे कुटुंबासह राहायचा. आपल्याकडे पहाऱ्याची जागा दरवाजाच्या पोटातच असे. कमानीतून आत शिरलं की दोन्ही बाजूंना जोत्यावर खोल्या किंवा ओवऱ्या दिसतात, त्याच देवड्या. पहारेकरी इथे बसायचे, आळीपाळीनं विसावा घ्यायचे. आलेल्या माणसाची चौकशीही इथेच व्हायची.

दिंडी कशासाठी?

मोठी दारं रोज उघडणं जिकिरीचं आणि धोक्याचंही. म्हणून एका फळीत छोटं दार ठेवत, ते म्हणजे दिंडी दरवाजा. त्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून आत येऊ शकतो. साहजिकच त्याच्यावर नजर ठेवणं सोपं जातं.

नगारखाना वरच का?

उंचावरून आवाज लांब जातो. ठरलेल्या वेळी आणि मोठ्या प्रसंगी इथे नगारे झडत, सनई-चौघडा वाजे.

वाडा पडतो, दरवाजा का टिकतो?

पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला. १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळाले, पण दिल्ली दरवाजा आजही उभा आहे. कारण दरवाजा संरक्षणासाठी असल्यानं त्याचं बांधकाम जाड आणि दगडी असतं. सिंदखेडराजातही आतला बराच भाग ढासळला, महाद्वार मात्र टिकून आहे.

तरीही धोका आहेच. सांध्यांत पिंपळाची मुळं शिरली की चिरे सरकतात. चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते आणि जुना दगड, वीट झिजू लागते. म्हणून दुरुस्ती चुन्यातच करावी लागते.

पुढच्या वेळी जुन्या वाड्यात शिरताना कमानीखाली क्षणभर थांबा आणि दोन्ही बाजूंना पाहा. आतले महाल मालकाची गोष्ट सांगतात. रात्रभर जागणाऱ्या माणसांची गोष्ट देवडीत सापडते.