उत्तर ध्रुवाकडे निघालेलं युकुलेले आणि पुसट झालेल्या दीडशे सह्या

आजच्या भागाची नायिका एक वाद्य आहे. चार तारांचं, जेमतेम 53 सेंटिमीटर लांबीचं, लाकडी. नाव युकुलेले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लॉकडाउनमध्ये ऑनलाइन मागवलं असेल, दोन गाणी शिकला असाल आणि मग ते कपाटावर गेलं असेल. चालायचंच! पण आजचं युकुलेले जवळजवळ शंभर वर्षांचं आहे आणि ते विमानातून उत्तर ध्रुवाकडे गेलं होतं. तेही लपून.

त्याआधी थोडं मागे जाऊ. युकुलेले म्हटलं की हवाई बेटं आठवतात, पण त्याची मुळं पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आहेत. ऑगस्ट 1879 मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज मदेराहून होनोलुलूला पोहोचलं. उसाच्या मळ्यांत राबायला आलेली चारशेहून जास्त माणसं त्यात होती. त्यांत तीन सुतार होते: मनुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जुझे दु इश्पिरितु सांतु. मळ्यातला करार संपल्यावर ते आपल्या मूळ धंद्याकडे वळले आणि मदेरातल्या माशेत या छोट्या वाद्यावरून त्यांनी नवं वाद्य घडवलं. लाकूड मात्र तिथलंच घेतलं, कोआ. बाभळीच्या जवळच्या कुळातलं हे झाड फक्त हवाईतच उगवतं.

1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाई दालनात लोकांनी हे वाद्य ऐकलं आणि अख्ख्या अमेरिकेला त्याचं वेड लागलं. गिटारसाठी प्रसिद्ध असलेली पेनसिल्व्हेनियातली मार्टिन कंपनीसुद्धा युकुलेले बनवायला लागली. आपलं युकुलेले तिथलंच, कोआचं.

त्याचा मालक रिचर्ड कॉन्टर. ब्रुकलिनचा, अमेरिकन नौदलात आयुष्य काढलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस. युकुलेलेचा इतका नाद की लोक त्याला ‘युकुलेले डिक’ म्हणायचे. 1926 मध्ये रिचर्ड बर्ड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने विमानाने उत्तर ध्रुव गाठायची मोहीम काढली. पन्नासेक माणसं, बहुतेक सगळी स्वयंसेवक. शँटिअर नावाच्या जहाजातून ती न्यूयॉर्कहून नॉर्वेच्या स्पिट्सबर्गन बेटावरच्या किंग्ज बेला गेली. त्यांत कॉन्टर होता, आणि अर्थातच त्याचं युकुलेले.

विमानात जागा दोघांनाच. नेतृत्व बर्डचं, वैमानिक फ्लॉइड बेनेट. इंधन आणि सामान इतकं की किलोकिलोचा हिशोब. अशा विमानात कुणी वाद्य घेऊ देईल का? म्हणून कॉन्टरने बर्डला विचारलंच नाही. त्याने बेनेटला पटवलं आणि बेनेटने ते हळूच सामानात लपवून टाकलं. 9 मे 1926 ला ‘जोसेफिन फोर्ड’ हे तीन इंजिनांचं फोकर विमान उडालं आणि जेमतेम सोळा तासांत परत आलं. बर्डने जाहीर केलं, आम्ही ध्रुवावर जाऊन आलो. दोघेही देशाचे हीरो झाले.

आणि कॉन्टर? त्याने युकुलेलेवर सह्या गोळा करायला सुरुवात केली. बर्ड, बेनेट, जहाजावरचे सोबती. त्याच किंग्ज बेमध्ये नॉर्वेचा रोआल्ड आमुन्सेन ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज घेऊन थांबला होता. दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेला हाच तो माणूस. त्याचीही सही आली. अमेरिकेत परतल्यावर राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज, थॉमस एडिसन, नंतर चार्ल्स लिंडबर्ग. पुढे, मागे, कडेला, जिथे जागा मिळेल तिथे सही. वाद्याची वही झाली म्हणा ना.

आता गंमत बघा. बर्ड खरंच ध्रुवावर पोहोचला का, यावर पुढे मोठा वाद झाला. किंग्ज बे ते ध्रुव हे अंतर साधारण 1,230 किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन जवळजवळ 2,460. त्या विमानाच्या वेगात, तेवढ्या वेळात हे बसतं का, अशी शंका जाणकारांनी घेतली. 1996 मध्ये बर्डची त्या उड्डाणाची वही उजेडात आली. तिच्यात सेक्स्टंटच्या, म्हणजे सूर्याची उंची मोजायच्या यंत्राच्या नोंदी होत्या. त्या खोडलेल्या होत्या, पण वाचता येत होत्या. त्या अधिकृत अहवालाशी जुळत नव्हत्या. वाद अजून पुरता मिटलेला नाही. आमुन्सेनचं ‘नॉर्गे’ मात्र 12 मे 1926 ला ध्रुवावरून गेलं, त्याबद्दल कुणालाच शंका नाही. म्हणजे ज्या दाव्याचं स्मारक म्हणून हे युकुलेले ओळखलं जायचं, तोच दावा डळमळीत. आणि ज्याचा दावा पक्का, त्याची सही त्याच लाकडावर!

1950 च्या दशकात कॉन्टरने हे युकुलेले मार्टिन कंपनीला देऊन टाकलं. आज ते पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी कंपनीच्या संग्रहालयात आहे. पण शाई ती शाई. हातांचा घाम, उजेड, वर्षानुवर्षांची घासाघीस, या सगळ्याने सह्या पुसट होत गेल्या. थोड्याच नावाजलेल्या सह्या वाचता यायच्या. बाकीच्या नुसत्या करड्या रेघा.

इथे आपल्या आजच्या मुद्द्यावर येऊ. जुनं वाद्य दुरुस्त करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एरवीची पद्धत ठरलेली आहे. तडे सरसाने सांधायचे. सरस अशासाठी, की उष्णता आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणजे पुढच्या कारागिराला आपलं काम उलगडता येतं. आतून लाकडाचे छोटे तुकडे लावून तडा धरून ठेवायचा. खुंट्या नीट करायच्या, नव्या तारा चढवायच्या. इथवर ठीक. पण पुष्कळ जण पुढे जातात. जुना थर घासून काढतात, नवं पॉलिश मारतात. वाद्य आरशासारखं चकाकतं, फोटोला लाइक्स येतात. कॉन्टरच्या युकुलेलेवर कुणी असा पॉलिश पेपर फिरवला असता तर? पाच मिनिटांत आमुन्सेन गायब.

म्हणून या युकुलेलेची ‘दुरुस्ती’ त्याला न घासता झाली. डिक बोक हे मार्टिनमधले जुने जाणकार आणि लॅरी बार्ट्रम हे संशोधक, या दोघांनी सह्यांचा छडा लावायला घेतला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या तज्ज्ञांनी वेगवेगळ्या प्रकाशात त्याचे फोटो काढले. यामागची कल्पना सोपी आहे. अतिनील किंवा अवरक्त प्रकाशात लाकूड एक तऱ्हेने वागतं, शाई दुसऱ्या. डोळ्याला जे एकसारखं तपकिरी दिसतं, त्यात कॅमेऱ्याला अक्षरं सापडतात. मग प्रत्येक वळणाचा अंदाज घेत, मोहिमेतल्या माणसांच्या नावांशी ताडून पाहायचं. अशा दीडशेच्या वर सह्या ओळखल्या गेल्या आणि 2018 मध्ये त्यावर पुस्तक आलं.

मला यातली सगळ्यात भिडणारी गोष्ट कूलिज किंवा एडिसन नाही. त्यांच्या सह्या जगभर सापडतील. सापडलेल्या नावांत जहाजावरचे खलाशी आहेत, यंत्रं सांभाळणारे आहेत, पगाराविना थंडीत राबलेले स्वयंसेवक आहेत. वर्तमानपत्रांनी छापलं फक्त बर्ड आणि बेनेटला. बाकीच्यांनी एका मित्राच्या वाद्यावर आपलं नाव लिहिलं, ‘आम्हीही होतो’ एवढंच सांगायला. बर्ड ध्रुवावर पोहोचला असो वा नसो, ही माणसं किंग्ज बेला होती, हे त्या लाकडाने धरून ठेवलंय.

आता तुमच्याकडे वळतो. घरी माळ्यावर आजोबांची हार्मोनियम असेल, एखादी सतार, मेंडोलिन, जुना तबला. दुरुस्तीला न्यायच्या आधी एवढं करा. फोनचा टॉर्च वाद्याच्या अगदी कडेला, आडवा धरा. समोरून मारू नका. तिरप्या उजेडात खोदलेली अक्षरं, दाबून लिहिलेलं नाव सावलीने उठून दिसतं. झाकणाच्या आत, भोपळ्याच्या आत, पेटीच्या अस्तराखाली बघा. दुकानाची चिठ्ठी असते, कारागिराची खूण असते, कधी तारीख असते. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. आणि कारागिराला आधीच स्पष्ट सांगा: दादा, सूर नीट करा, पण खुणा राहू द्या.

वाद्य परत वाजतं करता येतं. घासून गेलेलं नाव मात्र कुठलाच कॅमेरा परत आणू शकत नाही.

तर मंडळी, तुमच्या घरातल्या वाद्यावर काही लिहिलेलं सापडलं तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!