पोटाचा टाका, हौसेचा टाका

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने सेवासदन उभारलं. तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवण-भरतकामही शिकवत. विधवांच्या, गरजू बायकांच्या हाती चार पैसे यावेत, हा रोकडा हिशेब.

पुढे कशिदा घरोघरी हौसेचा झाला. मॅटीवर फुलीचा टाका, अभ्र्यावर साखळी. सीमाभागातल्या बायका कर्नाटकी कशिदाही जाणत: कापडाचे धागे मोजायचे, गाठ मारायची नाही आणि गवंती टाक्यात उलट-सुलट बाजू सारखीच दिसली पाहिजे. भल्याभल्यांची परीक्षा तिथेच!

हाच हौसेचा टाका पुढे नवी मुंबईतही आला. ते शहर वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली मुंबईशी जोडणारा खाडीपूल झाला, १९९२ साली लोकल वाशीला पोचली. मुंबईकर कुटुंबं नवी मुंबईच्या फ्लॅटांत आली, तिथे भरतकामाला जागा लागते ती मांडीएवढीच. रिंगचा स्क्रू आवळून कापड ताठ करायचं, सहा पदरी लडीतले दोन-तीन पदर ओवायचे. दोरा हातभरच घ्यावा; लांब घेतला की गुंता ठरलेला.

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये देशभरचे कारागीर माल मांडतात. जाणकार बाई तिथे आधी कापड उलटून बघते, कारण मशीनच्या भरतकामाला मागून बॉबिनचा दोरा दिसतो.